घरगुती कारणास्तव

सोक जेसिक यांच्या हाताला एक कला होती. कुठलाही फरक ते नाहीसा करून दाखवत.

छांगवॉन शहरातल्या, भाताचे कुकर बनवणाऱ्या एका कंपनीत ते मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षं. दरवर्षी वसंत ऋतूत सरकारी कामगार खात्याचं पत्र येई: आपल्या कंपनीत पुरुषाला शंभर मिळतात तिथे बाईला सहासष्ट मिळतात, तरी उरलेल्या चौतिसांचा खुलासा करावा. हे पत्र आलं की आसपासच्या कारखान्यांतले विभागप्रमुख रजेवर जात. जेसिक मात्र बाह्या सरसावून तक्ता मांडायला बसत.

आधी ते वयाचा फरक काढून टाकत. मग शिक्षणाचा. मग नोकरीतल्या वर्षांचा, आणि हा रकाना तर मोठा गुणी. एकटाच तेरा गिळून ढेकरही देत नसे. त्यानंतर कायम की कंत्राटी, लग्न झालेलं की न झालेलं, मुलं किती, आणि सगळ्यांच्या शेवटी सैन्यसेवा. चौतीस असे सोलत सोलत दीडावर येत. त्या दीडाला ते ‘संकीर्ण’ म्हणत आणि पेन खाली ठेवत.

“सोक, तुझा तक्ता वाचला की वाटतं, आपल्याकडे बायकांना कमी पगार मिळतच नाही,” संचालक प्यो दोकसू दरवर्षी म्हणत.

“मिळतो साहेब. पण सकारण मिळतो.”

यावर दोघंही हसत.

सैन्यसेवेच्या रकान्याबद्दल जेसिक जास्त बोलत नसत. पुरुषांना सक्तीच्या असलेल्या या सेवेत देशासाठी घालवलेले महिने नोकरीत धरायचे आणि तेवढ्या पायऱ्या पगार वर न्यायचा, असा कंपनीचा नियम होता, आणि त्या नियमाने जेसिकना अठरा महिने मिळाले होते. मात्र त्यांना चष्मा होता. चष्मेवाल्यांना त्या काळी घरून जाऊन-येऊन करायची छोटी सेवा मिळे. आईने दिलेला डबा काखोटीला मारून ते रोज सकाळी वॉर्ड कार्यालयात जात आणि संध्याकाळी रिकामा डबा वाजवत परत येत. तिथे एक शस्त्रागार होतं, पण त्याची किल्ली सार्जंटकडे असे. जेसिक अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर पहारा करत, कारण सार्जंटला ती केशरी, गोड फळं आवडत. पाऊस असला की आत बसून सार्जंटची पत्रं सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. बाकी जग असल्या जवानांना डबा-सैनिक म्हणे.

त्या वर्षी तक्ता दीडावर आणून जेसिक नुकतेच टेकले होते, तोच टेबलावर एक अर्ज आला. एक पानाचा, खाडाखोड नसलेला, म्हणजे धोक्याचा. अर्जदार: ग्वाक योंगरान, सुट्या भागांचं कोठार, कायम-कंत्राटी, म्हणजे नोकरी कायमची आणि पगार कंत्राटी. विषय: १९९० ते १९९८ ही माझी साडेसात वर्षं माझ्या नोकरीत जोडण्याबाबत.

गेल्याच वर्षी युनियनशी तसा करार झाला होता. मध्ये सोडून गेलेला माणूस परत आला असेल तर त्याची जुनी वर्षं जोडायची. फक्त तो स्वखुशीने गेलेला नसावा. पुढे कंत्राटावर परत आलेल्या योंगरानची वर्षं जोडली गेली तर तिचा पगार कितीतरी पायऱ्या चढणार होता, आणि पाच वर्षांनी निवृत्त होताना मिळायची रक्कम त्या चढलेल्या पगारावरच ठरणार होती. अर्जाच्या शेवटी तिने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘मी राजीनामा दिलेला नाही.’

गुरुवारी समिती बसणार होती. तिच्यासमोर जेसिकनी मूळ फाइल ठेवायची आणि शेजारी आपला अभिप्राय.

फाइल सापडायला चार मिनिटं लागली. राजीनामा वाचायला त्याहून कमी. तो त्यांना पाठच होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता.

* * *

अठ्ठ्याण्णवचा तो हिवाळा. देशाची तिजोरी रिकामी झाली होती. लोक रांगा लावून बोटातल्या अंगठ्या सरकारला देत होते आणि कंपन्या माणसं कमी करत होत्या. आपल्या कंपनीचं परिपत्रक मोठं समंजस होतं. त्यात ‘बाई’ हा शब्दच नव्हता. नवरा-बायको दोघंही कंपनीत असतील तर एकाने घर सांभाळावं, आणि घराचं कमीत कमी नुकसान व्हावं म्हणून ज्याचा पगार कमी असेल त्याने सांभाळावं, एवढंच म्हटलं होतं. अशी आठ जोडपी होती. आठही घरांत कमी पगार नेमका बायकोचाच निघाला. योगायोग म्हणायचा.

योंगरान आणि जेसिक एकाच दिवशी लागले होते. परीक्षेत ती पहिली होती आणि हे चौथे. पहिल्या पगाराला जेसिकचं पाकीट जाड होतं, कारण त्यांनी पर्सिमनचं झाड राखलं होतं आणि तिने राखलं नव्हतं. म्हणजे पगार कमी म्हणून ती गेली, गेली म्हणून वर्षं कमी झाली, आणि वर्षं कमी म्हणून आज पगार कमी होता. जेसिकच्या तक्त्यात यातलं प्रत्येक कारण आपापल्या रकान्यात अगदी शहाण्यासारखं बसलेलं होतं.

सात बायकांनी राजीनामे लिहून दिले. योंगरान देईना. तिचा नवरा ब्योंगहो खाली पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होता. “माझ्या नवऱ्याला घर सांभाळता येतं,” असं तिने लेखी कळवलं. तेव्हा मनुष्यबळ विभागात प्यो साहेब होते आणि जेसिक त्यांच्या हाताखाली कारकून. शनिवारी दुपारी प्यो म्हणाले, “सोक, हिचा शिक्का आपल्याकडेच आहे ना?”

होता. सगळ्यांचेच होते. माणूस कामावर लागला की पहिल्याच दिवशी कंपनी त्याच्या नावाचा, सहीऐवजी चालणारा लाकडी शिक्का करून घेई आणि विभागाच्या खणात ठेवी. रजा, जादा काम, गणवेश मिळाल्याची पोच. एवढ्याशा कागदासाठी माणसाला वर कशाला बोलवायचं? साडेचारशे माणसांची संमती एका खणात आडनावांच्या क्रमाने लावलेली होती.

“तुझं अक्षर छान आहे,” प्यो म्हणाले.

जेसिक नुकतेच बाप झाले होते. कमी करायच्या माणसांची यादी अजून पुरी झाली नव्हती. त्यांनी लिहिलं: ‘घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ शिक्का उमटवला. कागदावर बरीच जागा रिकामी राहिली आणि ते त्यांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी आणखी एक ओळ घातली: ‘कंपनीने मुलीसारखं सांभाळलं, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन.’

ही ओळ घालायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

* * *

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत योंगरानच आली. हातात कागदी पेल्यांतली दोन कॉफी.

“जेवलात का, साहेब?”

“जेवलो, जेवलो. बसा ना, ग्वाक बाई.”

“माझी फाइल सापडली का?”

“जुनं दफ्तर तळघरात आहे. शोधायला सांगितलंय.” फाइल त्यांच्या कोपराखाली होती. त्यांनी कोपर जरा पसरलं.

“मला त्यातलं एकच पान बघायचंय. ब्योंगहोने लिहिलेला राजीनामा.”

जेसिकनी कॉफीचा घोट घेतला. ती जीभ पोळण्याइतकी गरम होती, आणि त्याबद्दल त्यांना बरंच वाटलं. “ब्योंगहोने?”

“मग काय भुताने? सोमवारी कामावर आले तर माझं हजेरीचं कार्ड जागेवर नाही. प्यो साहेब म्हणाले, राजीनामा घरून आलाय. आता घरात माणसं किती? मी, ब्योंगहो आणि दीड वर्षाची पोर. पोर तेव्हा लिहीत नव्हती.”

“त्याला तुम्ही विचारलं असेल ना?”

“विचारलं? बावीस वर्षं विचारत होते, साहेब. भांडण कशावरूनही निघो, मिठावरून, त्याच्या आईवरून, संपायचं तिथेच. तूच माझी नोकरी खाल्लीस. तो म्हणायचा, मी नाही गं लिहिलं. पुढेपुढे तेही म्हणेनासा झाला. मी सुरू केलं की उठायचा आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जायचा. आमच्या घरात कचरा म्हणून कधी साठला नाही.”

ती हसली. जेसिकही हसायला गेले. मध्येच थांबून त्यांनी कोपराखालची फाइल आणखी आत ओढली.

“शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात परत म्हणाला. योंगरान, मी नाही लिहिलं. मी म्हटलं, अहो, आता तरी खरं बोला, वर जाऊन काय तोंड दाखवाल? तेव्हापासून गप्प झाला तो झालाच.” तिने पेल्याची कड नखाने दाबली. “तेही जाऊ दे. पाच वर्षं झाली आता. मला एवढंच करायचंय, की समितीला त्याचं अक्षर दाखवायचं. नवऱ्याने लिहिलेला राजीनामा बायकोचा कसा धरणार?”

“बघतो.”

“तुम्ही बघालच. आपण एका दिवशीचे.” जाताजाता तिने त्यांचा रिकामा पेलाही उचलून नेला.

जेसिक बराच वेळ कोपर न हलवता बसले. मग फाइल घेऊन संचालकांच्या खोलीत गेले.

प्यो साहेबांनी कागद चष्मा वर करून वाचला. “काय अक्षर होतं रे तुझं! आता कुणी असं लिहीत नाही.”

“साहेब, तिला वाटतंय नवऱ्याने लिहिलं.”

“मग उत्तमच की. नवरा आहे का?”

“वारला.”

“मग कुणाला त्रास नाही.” प्योंनी फाइल मिटली. “हे बघ, आज ती आहे. उद्या बाकीच्या सात येतील. परवा तुझ्या तक्त्यात वर्षांचा रकाना उघडा पडेल. आणि तूही खुर्चीत काय रणांगणावरून आलेला नाहीस. तुझ्या डब्याचे अठरा महिने कंपनीने कधी काढले का? मग? अभिप्रायात लिही, कागदपत्रं नियमानुसार आहेत. खोटं आहे का त्यात काही?”

खोटं खरंच काही नव्हतं. कागदपत्रं अगदी नियमानुसार होती. जेसिकनी तसं लिहिलं, खाली सही केली आणि संध्याकाळी वेळेवर घरी गेले. बायकोने विचारलं, “आज ताटातलं का राहिलं?” तर म्हणाले, पोट बरं नाही. पोटाला अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच एवढा मान मिळाला.

* * *

समितीत सहा जण होते. तीन कंपनीचे, तीन कामगारांचे. अध्यक्ष प्यो. योंगरान टेबलाच्या टोकाला बसली होती, कोठाराचा राखाडी कोट गळ्यापर्यंत लावून. प्योंनी जेसिकचा अभिप्राय वाचून दाखवला. अडीच ओळींचा होता, वाचायला वेळ लागला नाही.

“राजीनामा बघू द्या,” योंगरान म्हणाली.

फाइल टेबलावरून सरकत तिच्यापर्यंत गेली. तिने पिशवीतून पुरावा म्हणून आणलेलं, नवऱ्याच्या हातचं एक जुनं नववर्षाचं कार्ड काढलं आणि शेजारी ठेवलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग परत इकडे.

“हे ब्योंगहोचं अक्षर नाही.”

“मग तुमचंच असणार,” प्यो समजुतीच्या सुरात म्हणाले. “फार वर्षं झाली, बाई. विसरतं माणूस.”

“माझंही नाही. ब्योंगहोला तर स्वतःचं नाव सरळ ओळीत लिहिता येत नव्हतं. हे बघा, उतरंड लागलीय नुसती.” ती कार्ड सगळ्यांकडे वळवून दाखवू लागली, आणि दाखवतादाखवताच थांबली. कार्ड तसंच हवेत राहिलं.

“तो खरं बोलत होता,” ती म्हणाली.

ती हे समितीला उद्देशून म्हणाली नव्हती. कुणालाच म्हणाली नव्हती. युनियनच्या माणसाने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. तिने तो बघितलाही नाही.

“तर मग,” प्यो घसा साफ करत म्हणाले, “कुणीही लिहिलं असो, शिक्का अर्जदाराचा आहे. शिक्का खरा तो कागद खरा. पुढच्या विषयाकडे...”

“मी लिहिलंय.”

उचकी लागावी तसा हा आवाज जेसिकच्या तोंडून बाहेर पडला. तो कुणाचा, हे बघायला त्यांनीही आधी शेजारी पाहिलं.

“सोक,” प्यो म्हणाले, “तुझी तब्येत बरी दिसत नाही.”

“तब्येत बरी आहे, साहेब. अक्षर माझं आहे. शिक्का खणातून काढला होता.”

कंपनीकडचा एक तरुण सदस्य ही काही गंमत आहे असं समजून हसला, आणि बाकी कुणी हसत नाही हे बघून टिपणं काढू लागला.

योंगरानने मान वर केली. जेसिकची अशी अपेक्षा होती की ती ओरडेल. ओरडली असती तर त्यांना बरंच सोपं गेलं असतं. तिने कागदावर बोट ठेवलं. “ही खालची ओळसुद्धा? मुलीसारखं सांभाळलं?”

“हो.”

“ती कुणी सांगितली?”

जेसिकनी प्योंकडे बघितलं. प्यो पहिल्यांदाच मोकळेपणाने त्यांच्याकडे बघत होते, कारण याचं उत्तर त्यांच्यावर येणार नव्हतं.

“ती... कुणी नाही. कागद रिकामा दिसत होता.”

बाहेर कॉफीच्या यंत्रात पेला पडल्याचं ऐकू आलं. जेसिकच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हनुवटी छातीला लागली आणि तिथेच राहिली. अठ्ठावन्न वर्षांच्या, पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एकाएकी आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. टेबलावर ठेवले तर ते सगळ्यांना दिसत होते. त्यांनी ते मांड्यांखाली घातले.

निकाल अर्ध्या तासात लागला. साडेसात वर्षं जोडण्यात आली. इतिवृत्तात ‘तत्कालीन लेखनिकाच्या अनवधानाने’ असे शब्द पडले. बाकीच्या सात जणींबद्दल समितीने दोनच मिनिटं चर्चा केली. त्यांचे राजीनामे त्यांच्याच अक्षरात होते, म्हणजे स्वखुशीचे होते. प्यो साहेबांनी सभा संपल्याचं जाहीर केलं आणि जेसिकच्या खुर्चीमागून ते पाठीवर थाप न मारता गेले. हे पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

जिन्यात योंगरान थांबली होती. जेसिकनी तोंड उघडलं. “ग्वाक बाई, मी काय सांगू... माझी चूक...”

“मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मी कुठे ऐकायला बसले होते? ज्याला ऐकायचं होतं त्याला सांगा. रविवारी मोकळे आहात?”

“आहे.”

“दहाच्या बसने या. आणि येताना फुलं वगैरे आणू नका. त्याला शिंका यायच्या.”

* * *

रविवारी जेसिक काळा सूट घालून गेले. डोंगराच्या उतारावर ती अस्थिकलशांची इमारत होती. आत लांब दालन, भिंतभर काचेची कपाटं, प्रत्येक कप्प्यात एक कलश, एक फोटो, कुणाचा चष्मा, कुणाची सिगारेटची डबी. बसमध्ये योंगरान पुढे बसली होती आणि ते मागे. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते मनात पाच-सहा वेळा घोळवून घेतलं होतं, आणि दर वेळी मजकूर जरा आखूड होत गेला होता.

चू ब्योंगहो खालून दुसऱ्या ओळीत होता. फोटोत तो कंपनीच्या सहलीतली टोपी घालून हसत होता. तो फोटो कुणी काढला होता तेही जेसिकना आठवलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

योंगरानने पिशवीतून दोन संत्री आणि थर्मासमधली कॉफी काढून मांडली. मग काचेला म्हणाली, “अहो, सोक साहेब आलेत. जेसिक. वरच्या मजल्यावरचा. त्याला काही सांगायचंय.” आणि बाजूला झाली.

जेसिकनी दोनदा साष्टांग नमस्कार घातला, मेलेल्या माणसाला घालतात तसा. गुडघे वाजले. दुसऱ्यांदा वाकल्यावर तसेच बसून ते पुटपुटले, “ब्योंगहो, तो राजीनामा मी लिहिला होता.”

“मोठ्याने,” योंगरान म्हणाली.

“तो राजीनामा मी लिहिला होता.”

“अहो, त्याने सोळा वर्षं प्रेसवर काढली. उजवा कान गेलेला होता आणि डावा अर्धा. असं बायकी बोललेलं त्याला काय ऐकू जाणार?”

चार कप्पे सोडून एक कुटुंब आजोबांना भेटायला आलं होतं. आजी, लेक, जावई, नातवंडं. संत्री सोलणं चाललं होतं. जेसिकनी तिकडे एकदा बघितलं, योंगरानकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. फोटोकडे बघत होती.

“ब्योंगहो!” ते ओरडले. फरशी, छत आणि काचा, सगळ्यांनी ते नाव परत म्हटलं. “योंगरानचा राजीनामा मी लिहिला! तू नाही लिहिलास! शिक्का मी मारला! खालची ओळही मीच घातली! तू खरं बोलत होतास!”

चार कप्प्यांपलीकडे सोललेली फोड आजीच्या तोंडाशी जाऊन थांबली. जावयाने लहान पोराचे कान हलक्या हाताने झाकले. कुठूनतरी मागच्या दालनातून शेवटचे शब्द एकदा परत ऐकू आले.

जेसिकनी कपाळ फरशीला टेकवलं. फरशी थंडगार होती आणि कपाळ तापलेलं होतं.

“ऐकलंत?” योंगरान काचेला म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता, अर्ध्या कानाला मुळीच ऐकू न जाण्यासारखा. “बावीस वर्षं हो.” एवढं म्हणून ती काचेवर कपाळ टेकून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले.

जेसिक तसेच खाली वाकून होते. उठायचं कधी ते त्यांना कळत नव्हतं. कुणी उठा म्हणत नव्हतं, आणि आपण होऊन उठायची त्यांची हिंमत होत नव्हती.